वास कोणाचा होता

अकोल्याच्या त्या घराचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, किती वर्षं झाली, आता सोड. मी सोडत नाही. जे झालं ते शांतपणे सांगण्यासारखं नव्हतं.

लग्न झाल्यावर मी अमरावतीहून अकोल्याला आले. नवरा सरकारी कचेरीत कारकून होता. आमच्या दोन्ही घरांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. सुरुवातीला आम्ही मोर्णा नदीच्या पलीकडे, आमच्याच वस्तीत, नवऱ्याच्या चुलत भावाच्या घरी एका खोलीत राहिलो. मुलगी तिथेच झाली. मग नवऱ्याच्या मनानं घेतलं की कचेरीजवळ, शिकलेल्या लोकांच्या मोहल्ल्यात घर घ्यायचं. मुलगी तिथल्या शाळेत जाईल, चार चांगली माणसं बघेल. त्यात वाईट काही नव्हतं. पण घर शोधणं म्हणजे काय होतं ते मी त्याच्याबरोबर फिरून बघितलं आहे. लोक आदरानं बसवत, नोकरी विचारत, मग आडनाव, मग गाव. गावानंतर खोली कालच कोणाला तरी दिलेली असायची. एका घरी तर बाईंनी माझ्यासाठी भरलेला पाण्याचा पेला आमच्या देखत परत आत नेला.

शेवटी एक जण हो म्हणाले. दुमजली घर, वर मालक, खाली मागच्या बाजूला दोन खोल्या. मालक कापसाच्या दलालीतून मोकळे झालेले, पांढरेशुभ्र कपडे घालणारे, सभासमारंभात पुढच्या रांगेत बसणारे गृहस्थ. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. ते नवऱ्याला म्हणाले, "मी असलं काही मानत नाही. माणूस तो माणूस. मले फक्त स्वच्छता पायजे."

नवरा तेवढ्या बोलण्यानं विरघळला. घरी येताना मला म्हणाला, "पाह्य, असेही लोक आहेत." मलाही तेव्हा बरं वाटलं. हे सगळं आठवलं की मला काकाजींच्या आणि नवऱ्याच्या त्या बोलण्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. पुढचं पुढे सांगते.

दोन खोल्यांपैकी आतली खोली निजायची. तिच्या मागच्या भिंतीला जमिनीपासून खांद्याइतक्या उंचीपर्यंत उभ्या फळ्या ठोकलेल्या होत्या, वर ताजा हिरवा तैलरंग. काकाजींनी फळ्यांवर हात ठेवून सांगितलं, "चुना कपड्याले लागते ना, म्हणून मुद्दाम लावून घेतल्या. तुमी यायच्या आधीच काम केलं." नवऱ्यानं आभार मानले. कोणी आपल्यासाठी भिंतीला फळ्या लावून घेतं हे आम्हाला अपूर्वाईचं होतं. मी लग्नातली लोखंडी पेटी त्या फळ्यांना टेकवून ठेवली, तिच्या शेजारी मुलीचं अंथरूण घातलं.

दिवाळीनंतर आम्ही राहायला गेलो. हिवाळा बरा गेला, उन्हाळाही गेला. खोलीत थोडं कुबट वाटायचं, पण मी म्हटलं, आधी बंद होती, रंगाचा वास असेल. पावसाळ्यात ते वाढलं. खुंटीवरची पातळं चोवीस तास दमट. नवऱ्याचे कचेरीचे कातडी बूट दोन दिवस तसेच राहिले की त्यांवर पांढरी भुरी चढायची. काड्यापेटीतली काडी विझून विझून पेटायची. अकोल्यात पावसाळ्यात कोणाच्याही घरात असं होतं, म्हणून मी त्याकडं वेगळं बघितलं नाही. नाकाचंही एक आहे. ज्या वासात आपण रोज राहतो तो आपल्याला येईनासा होतो. बाहेरून येणाऱ्याला दारातच येतो. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर पुढचं वर्ष वाचलं असतं.

ते मला सांगितलं मालकीणबाईंनी, पण वेगळ्या तऱ्हेनं. आम्ही राहायला आल्यापासून त्या आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. अंगणातून बोलायच्या. एके दिवशी तुळशीला पाणी घालता घालता म्हणाल्या, "बाई, राग नोका मानू, पन तुमच्या घरातून वास येते. तुमी लोक काय शिजवता, काय ठेवता, आमाले नाई समजत. पन जरा साफसफाई ठेवत जा."

मी म्हटलं, "काकू, मी रोज फरशी पुसते. आत येऊन पाहा ना."

"नाई, नाई, आत कायले. मी सांगून ठेवलं."

मी आत गेले आणि दोन्ही खोल्या धुऊन काढल्या. फिनेल टाकलं. डबे उन्हात घातले. दुसऱ्या दिवशी परत धुतल्या. आता कळतं की त्या बंद खोलीत मी रोज बादलीभर पाणी ओतून ओलीला आणखी खायला घालत होते. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, कोणी बोट दाखवायला नको. आमच्या आयांनी हेच शिकवलं होतं. आपली भांडी दुसऱ्यांपेक्षा चकचकीत पाहिजेत, आपले कपडे दुसऱ्यांपेक्षा पांढरे पाहिजेत, कारण आपल्याकडं बघणारा डाग शोधायलाच बघतो.

काकाजींची नात माझ्या मुलीच्या वयाची होती. दोघी अंगणात ठिकऱ्या खेळायच्या. श्रावणात कधीतरी ती नात खाली यायची थांबली. माझी मुलगी जिन्याखाली उभी राहून तिला हाका मारायची. वरून काकाजींचा आवाज आला, तो मी स्वयंपाक करताना माझ्या कानांनी ऐकला. "बेटा, तू घरी जा. तुया फ्रॉकले कुजका वास मारते. आईले सांग धुवाले."

मुलगी आत आली. रडली नाही. फ्रॉकची बाही नाकाशी धरून हुंगत बसली. मग मला म्हणाली, "आई, मले तर नाई येत." चार वर्षांची पोर. त्यानंतर ती कोणाच्या जवळ जाण्याआधी बाही हुंगायची. मी तिला सकाळ-संध्याकाळ अंघोळ घालू लागले, फ्रॉक वेखंडाच्या पाण्यातून काढू लागले. संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारा माणूस आहे. आपन अजून काळजी घेऊ."

"अजून कोनती काळजी घेऊ मी?"

"तुले नाई समजत. या मोहल्ल्यात दुसरं कोन घर देईन आपल्याले?"

हे वाक्य तो पुढं वर्षभर वेगवेगळ्या शब्दांत बोलत राहिला. ते खोटं नव्हतं, म्हणून मला त्याचा जास्त राग यायचा.

भाद्रपदात मुलीला खोकला लागला. आधी कोरडा, मग छातीतून शिट्टीसारखा आवाज. दिवसा अंगणात खेळताना ती बरी असे. खोलीत झोपली की सुरू. सकाळी डोळे सुजलेले, नाक बंद. डॉक्टरकडं नेलं. त्यांनी छाती तपासली, औषध दिलं आणि आमचं आडनाव ऐकून माझ्याकडं बघून म्हणाले, "घर स्वच्छ ठेवत जा. मुलांच्या अर्ध्या आजारांचं कारण अस्वच्छता." मी दरवाज्यातून बाहेर पडले तेव्हा माझे कान तापले होते. त्या माणसानं आमचं घर बघितलं नव्हतं. ते कुठं आहे, भिंती कशाच्या आहेत, पोर कुठं निजते, एक प्रश्न विचारला नव्हता. पण घर घाण आहे हे त्याला खुर्चीत बसून माहीत होतं.

पाऊस गेला, थंडी आली, बाहेरची ओल गेली, तरी खोकला गेला नाही. पोर वाळली. उन्हाळा लागला तशी मी तिला घेऊन माहेरी अमरावतीला निघाले. गाडीनं बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून पुढं. गाडीतही ती खोकत होती.

माझ्या माहेरचं घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या आणि पुढं छपरी. वडील नव्हते, आई एकटी राहायची, घरकाम करायची. आईनं पोरीला पोटाशी धरलं, मला जवळ घेतलं आणि लगेच दूर केलं. "तुया लुगड्याले कायचा वास येऊन राह्यला वं?"

मी चिडले. म्हटलं, "तू पन आता तेच म्हन. धुतलेलं आहे, परवाच धुतलं."

आईवर माझ्या चिडण्याचा परिणाम झाला नाही. तिनं माझं गाठोडं उघडलं, सगळी पातळं बाहेर काढली, एकेक हुंगून बाजूला टाकत गेली. "धुतल्याचा वास वेगळा. हा पावसात भिजलेल्या गोनपाटावानी आहे. वल कुठून येते तुया घरात?"

"उन्हाळ्यात कुठली ओल, आई. अकोल्याचं ऊन तुले माहीत नाही?"

माझे कपडे तिनं अंगणातल्या दोरीवर टाकले. लग्नाचा शालू उलगडला तर घडीच्या पाठीमागं, जी बाजू अकोल्याला पेटीत भिंतीकडं राहायची तिथं, मोहरीएवढे काळे ठिपके पसरले होते. मी धुऊन बघितले, निघाले नाहीत.

पोरगी अमरावतीला छपरीत निजायची. आठवडाभरात तिची शिट्टी थांबली. पुढच्या आठवड्यात खोकला थांबला. औषध संपलं होतं, मी ते परत आणलं नव्हतं. आईच्या घरात धूळ होती, चुलीचा धूर होता, शेजारच्यांच्या बकऱ्या छपरीपर्यंत यायच्या. डॉक्टरच्या हिशोबानं पोर तिथं मरायला पाहिजे होती. ती तिथं भाकरी मागून खाऊ लागली.

वैशाख संपता संपता आम्ही परत अकोल्याला आलो. ऊन असं की रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं. जमीन भेगाळलेली, झाडांची पानं हात लावला की चुरा. मी कुलूप उघडलं, आतल्या खोलीचं दार ढकललं आणि तोंडावर तो वास आला. दोन महिने मी मोकळ्या हवेत राहिले होते, माझं नाक परत माझं झालं होतं. आईनं सांगितलेलाच वास होता. पावसात भिजलेलं गोणपाट, त्यात कुजलेली पानं, त्यात काहीतरी गोडसर. मी दारातच उभी राहिले. बाहेर सगळं अकोला भट्टीसारखं भाजून निघत होतं आणि या खोलीत ओल होती. मग ती पावसाची नव्हती. माझ्या स्वयंपाकाची नव्हती. आमच्या अंगाची तर नव्हतीच, कारण आम्ही तिथं नव्हतोच. नवरा एकटा बाहेरच्या खोलीत निजायचा आणि आतलं दार लावून ठेवायचा.

पोरगी त्याच रात्री खोकली.

दुसऱ्या दिवशी नवरा कचेरीत गेल्यावर मी खोलीची एकेक भिंत बघायला लागले. तळहातापेक्षा हाताच्या पाठीला गारवा लवकर कळतो, तशी मी भिंतींना हाताची पाठ लावत गेले. तीन भिंती गरम. फळ्यांची भिंत गार, आणि माझी पेटी जिथं होती तिथं सगळ्यात गार. पेटी ओढली. तिची मागची बाजू गंजून तिचे पापुद्रे सुटले होते. फळ्यांवरच्या हिरव्या रंगाला खालच्या भागात फोड आले होते, आणि प्रत्येक खिळ्याच्या डोक्यातून तांबडा ओघळ खाली आला होता. मी एक फोड नखानं दाबला तर बोट आत गेलं. लाकूड भिजलेल्या भाकरीसारखं झालं होतं.

मी फळ्यांना कान लावून बसले. वर काकाजींच्या न्हाणीघरात बादली ओतल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं माझ्या कानाशी, फळ्यांच्या मागं, बारीक झिरपल्याचा आवाज आला. वर पाणी थांबलं तरी तो बराच वेळ चालू राहिला.

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं दाखवलं. त्यानं हात लावून बघितलं. त्याला कळलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी म्हणाला, "मी काकाजीशी बोलतो. सवडीनं. एकदम जाऊन तक्रार केली तर बरं नाई दिसत."

"पोरगी खोकून राह्यली. सवड कोनाची पाह्यता?"

"तू हळू बोल. वर ऐकू जाईल."

मी हळू बोलले नाही. पण त्या दिवशी तो वर गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाला, काकाजींकडं पाहुणे आहेत.

मग मी खुरपं घेतलं. दुपार होती, मुलगी अंगणात होती. दोन फळ्यांच्या फटीत खुरप्याचं पातं घातलं आणि वरवंट्यानं ठोकलं. फार जोर लावावा लागला नाही. पहिली फळी खालून तुटून हातात आली. दुसरी खिळ्यांसकट निघाली. तिसरीनंतर मी थांबले, कारण वास इतका होता की मला बाहेर जाऊन तोंड धुवावं लागलं.

परत येऊन बघितलं. भिंत काळी होती. नुसती ओली नाही, काळी. काळ्यावर हिरवट ठिगळं, त्यांच्यावर कापसासारखी पांढरी लव, आणि खाली जमिनीशी पिवळसर छत्र्या उगवलेल्या, शेणाच्या ढिगावर उगवतात तशा. फळ्यांची मागची बाजूही तशीच, बुरशीनं पूर्ण मढलेली. भिंतीत वरून खाली खापराची नळी बसवलेली होती, काकाजींच्या न्हाणीचं पाणी नेणारी. मधोमध ती फुटली होती. फुटलेल्या जागी गोणपाट कोंबलेलं होतं आणि ते तारेनं घट्ट आवळून बांधलेलं होतं. तार गंजली होती. म्हणजे नळी फुटल्याचं कोणाला तरी माहीत होतं. त्यानंच ती बांधली होती. आणि त्यावर फळ्या ठोकून, हिरवा रंग लावून, "तुमी यायच्या आधीच काम केलं" असं आम्हाला सांगितलं होतं.

माझी पोर त्या भिंतीपासून हातभर अंतरावर दीड वर्ष झोपली होती.

मी अंगणात जाऊन मालकीणबाईंना हाक मारली. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्या पदर सावरत खाली आल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या.

"काकू, आत या."

"कायले? इथूनच सांगा."

"इथून दिसत नाही. आत या."

त्या आल्या. पहिल्यांदाच आल्या. पदर नाकाला लावून त्यांनी भिंत बघितली आणि लगेच मान खाली घातली.

मी म्हटलं, "तुम्ही म्हणत होत्या ना, आमच्या घरातून वास येते. हा बघा वास. हा कोणाच्या न्हाणीचा आहे सांगा."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी त्याइले सांगतलं होतं नळी बदलून घ्या म्हनून. ते म्हने, भिंत फोडा लागते. वरची न्हानी किती दिवस बंद ठेवाव."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मले काय विचारता बाई. माह्या हातात काय असते?"

"मला साफसफाई ठेव म्हणणं तुमच्या हातात होतं ना. नातीला माझ्या पोरीशी खेळू न देणं तुमच्या हातात होतं."

त्या उंबरा ओलांडून बाहेर पडल्या. पायऱ्या चढून वर गेल्या. त्यांची मला दया यावी असं पुढं नवरा म्हणायचा. मला आली नाही.

नवरा आणि काकाजी संध्याकाळी जवळजवळ एकाच वेळी आले. काकाजी थेट आमच्या खोलीत शिरले. भिंतीकडं त्यांनी बघितलंच नाही, जमिनीवर पडलेल्या फळ्यांकडं बघितलं. "हे कोनाले इचारून काढलं? दुसऱ्याच्या घराची मोडतोड कराची अक्कल कोनं देली?"

आणि माझा नवरा, तोंडावरचा घामही न पुसता, म्हणाला, "माफ करा काकाजी, तिले समजत नाही. मी उद्या सुतार आणून बसवून देतो."

आयुष्यात मला त्याचा इतका राग कधी आला नाही, आधी नाही, नंतर नाही. मी त्याचा दंड धरून त्याला भिंतीपुढं उभं केलं. म्हटलं, "आधी पाह्य. मग माफी माग." नवऱ्याला मी अरे-तुरे केलं, परक्या माणसासमोर. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

तो बघत राहिला. खाली बसला, ते बांधलेलं गोणपाट बघितलं, तारेला बोट लावलं. मागून काकाजी बोलतच होते. "जुनं घर आहे, थोडीफार वल येनारच. आजवर कोनाची तक्रार नव्हती. मी एवढ्या मोठ्या मनानं जागा देली. पन तुमच्या लोकाइले चांगल्या घरात राहाची सवय नाही, त्याले मी काय करू."

नवरा उभा राहिला. तो चिडला की त्याची भाषा कचेरीतली होते. म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"नळी फुटलेली तुम्हाला माहीत होती. ही तार तुम्हीच बांधून घेतली. आणि हे माहीत असून तुम्ही माझ्या मुलीला म्हणालात, तुझ्या फ्रॉकला कुजका वास मारतो."

काकाजींनी हात झटकला. "लहान लेकराले काही बोललो असन. एवढं कायले मनावर घेता."

"आम्ही घर सोडतो," नवरा म्हणाला. "आणि फळ्या मी बसवणार नाही."

त्या रात्री आम्ही बाहेरच्या खोलीत झोपलो. पुढच्या आठवड्यात सामान हलवलं. मोर्णेच्या पलीकडं, परत आमच्याच वस्तीत, टिनाच्या छपराची एक खोली मिळाली. उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापायची, पावसात बोललेलं ऐकू यायचं नाही. पण भिंतींना हाताची पाठ लावली तर त्या कोरड्या होत्या. पेटी, गाद्या, उशा मी टाकून दिल्या. शालूचा अर्धा भाग कापून टाकला. नवरा म्हणाला, "ऊन देऊन वापरू." मी म्हटलं, "त्या भिंतीचं काहीही माझ्या घरात येणार नाही."

पोरीचा खोकला एकदम गेला नाही. दिवाळीपर्यंत कमी झाला. शिट्टी मात्र कायमची राहिली. पावसाळी हवा आली, कुठं कुबट जागेत बसली, की तिची छाती वाजते. आज ती स्वतः आई आहे आणि अजून वाजते. मी तिला त्या डॉक्टरकडं परत नेलं नाही, पण एकदा एकटी गेले. त्यांना सांगितलं, तिच्या उशाशी फळ्यांच्या मागं फुटकी नळी होती, घर मी स्वच्छच ठेवत होते. ते म्हणाले, "बरं, बरं, कळलं तर बरं झालं," आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी निवले असते.

पावसाळा संपत आला होता. नवऱ्याच्या कचेरीत बोलणं झालं की काकाजींच्या खालच्या खोल्या भाड्यानं गेल्या. बाहेरगावाहून बदलून आलेले एक अधिकारी आणि त्यांची बायको. आमच्यापैकी नव्हते. नवऱ्यानं मला सहज सांगितलं. मी विचारलं, "नळी बदलली का त्यानं?" नवऱ्याला माहीत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पूल ओलांडून गेले.

दार त्या बाईंनी उघडलं. तरुण होत्या, दिवस गेलेले दिसत होते. मी म्हटलं, "मी या खोल्यांमध्ये आधी राहत होते. तुमच्या आतल्या खोलीत मागच्या भिंतीला फळ्या आहेत का?"

"आहेत. का हो?"

"नव्या आहेत?"

"हो, नव्याच. मालकांनी आम्ही यायच्या आधी लावून घेतल्या." मग त्या जरा संकोचल्या, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीच का त्या. रागावू नका, पण आत थोडा वास येतो. आम्ही मालकांना विचारलं तर ते म्हणाले, आधी राहत होते त्यांचा आहे, हळूहळू जाईल."

आम्ही ते घर सोडून तीन महिने झाले होते. आमची गादी नव्हती, भांडं नव्हतं, पोरीचा फ्रॉक नव्हता. तरी तो वास आमचाच होता.

मी त्यांना हाताला धरून आत नेलं. त्यांनी नेऊ दिलं, तेवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. पलंग त्या भिंतीलाच लावलेला होता. मी त्यांचा हात उलटा करून फळ्यांवर ठेवला. "गार लागते का? आता या दुसऱ्या भिंतीला लावा." त्यांनी लावला. मग मी त्यांना कान लावायला सांगितलं. वर कोणी पाणी वापरत होतं. त्या ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "फळी काढून पाहा. आणि पलंग आजच्या आज हलवा. बाळ येईल तेव्हा त्याला या खोलीत ठेवू नका." त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा करते म्हणाल्या. मी बसले नाही. त्या खोलीत मला श्वास घेववत नव्हता.

त्यांनी फळी काढली. ते नवऱ्याला कचेरीत कळलं आणि त्यानं घरी येऊन सांगितलं. अधिकाऱ्यांनी काकाजींना खाली बोलावून भिंत दाखवली. काकाजींनी हात जोडले म्हणे. म्हणाले, साहेब, मला कल्पनाच नव्हती. चार दिवसांत गवंडी आला, भिंत फोडली, खापराची नळी काढून लोखंडी बसवली, नवा गिलावा केला. काम चालेपर्यंत साहेबांना आणि बाईंना वरच्या मजल्यावर राहायला जागा दिली, आणि त्यांचं जेवणही काकाजींच्याच घरी झालं.

नवरा हे सांगताना हसत होता. त्याला वाटलं मला समाधान वाटेल. म्हणाला, "तुयामुळं भिंत सुधारली. त्या बाईनं तुये आभार मानले."

मी भाकरी थापत होते. मी त्याला म्हटलं, "दीड वर्ष आपली पोर तिथं खोकली तेव्हा गवंडी कुठं होता?"

तो म्हणाला, "आता झालं ना पन."

मी पुढची भाकरी तव्यावर टाकली. त्याला वाढलं, पोरीला वाढलं. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि नवऱ्यानं आग्रह केला तरी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तो बिचारा विचारत राहिला की त्याचं काय चुकलं. मला ते त्याला नीट सांगता आलं नाही. आज सांगितलं.